मार्सेलिसमध्ये पायी: सँ-व्हिक्तोरच्या तळघरापासून ‘बॉन मेर’च्या टेकडीपर्यंत

मार्सेलिसच्या जुन्या बंदरावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की टेकडीच्या माथ्यावर सोनेरी मूर्ती दिसते. बाळाला घेऊन उभी असलेली मेरी. तिच्या चर्चचे नाव नोत्र-दाम द ला गार्द, पण गावातले लोक तिला ‘बॉन मेर’ म्हणतात, म्हणजे भली आई. नवे पाहुणे बंदरावरून बस पकडून वर जातात, फोटो काढतात आणि तासाभरात खाली येतात. बंदराच्या काठाशीच असलेली, किल्ल्यासारखी दिसणारी सँ-व्हिक्तोरच्या मठाची दगडी वास्तू बहुतेकांच्या यादीतच नसते.

माझा आग्रह असा की ही दोन्ही चर्च एकाच दिवशी, पायी आणि खालून वर याच क्रमाने पाहावीत. त्याला कारण आहे. टेकडीवरची पहिली प्रार्थनास्थळाची जागा १२१४ साली मेत्र पिएर नावाच्या एका पाद्र्याने उभी केली आणि त्यासाठी त्याला सँ-व्हिक्तोरच्या मठाधिपतींची परवानगी घ्यावी लागली, कारण टेकडी मठाच्या मालकीची होती. म्हणजे वरचे चर्च खालच्याच्या जमिनीवर जन्मले. बसने थेट वर गेलात तर हे नाते कळत नाही. पायी गेलात तर पायांनाच कळते.

अंतर फार नाही. बंदराच्या टोकापासून सँ-व्हिक्तोर साधारण एक किलोमीटर, तिथून टेकडीचा माथा सव्वा ते दीड किलोमीटर. पण टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंच आहे आणि सगळा चढ दुसऱ्या टप्प्यात येतो. दोन्ही ठिकाणी नीट वेळ द्यायचा असेल तर अर्धा दिवस मोकळा ठेवा.

निघण्याआधी

सकाळी निघा. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, अकरानंतर चढावरचे दगड तापतात आणि वाटेवर सावली तुटक मिळते. पाण्याची बाटली, टोपी आणि घट्ट बसणारे बूट हवेत. उतारावरचे फरसबंद दगड वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेले असतात, त्यामुळे चपला किंवा सपाट तळाच्या सँडल नकोत.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तर-वायव्येकडून येणारा मिस्त्राल हा कोरडा, गार वारा इथला खरा मालक आहे. तो सुटला की आकाश धुतल्यासारखे निळे होते आणि वरून दूरपर्यंत स्पष्ट दिसते, पण माथ्यावर तोल सांभाळावा लागतो. टोपी उडते, ओढणी उडते, मोबाइल हातातून निसटतो. हिवाळ्यात थर्मामीटर बारा अंश दाखवत असला तरी वर कानटोपी लागेल. हवामानाच्या अंदाजात तापमानाबरोबर वाऱ्याचा वेगही पाहून घ्या.

कपड्यांबाबत: दोन्ही ठिकाणी नियमित उपासना चालते. खांदे आणि मांड्या झाकलेल्या असाव्यात. चर्चमध्ये पुरुषांनी टोपी काढायची असते. मंदिरात डोके झाकून जाण्याची सवय असलेल्या आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा. पायातले काढायचे नसते.

पाच-दहा युरोची चिल्लर जवळ ठेवा. सँ-व्हिक्तोरच्या वरच्या चर्चला तिकीट नाही, पण तळघरासाठी थोडे पैसे द्यावे लागतात. मेणबत्तीसाठीही नाणी लागतात. टेकडीवरच्या चर्चला प्रवेश मोफत आहे. रविवारी सकाळी आणि मोठ्या सणांना प्रार्थनेमुळे फिरण्यावर बंधने येतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडावा. टेकडीवरचे चर्च सकाळी लवकर उघडते, सँ-व्हिक्तोर नऊच्या सुमारास. त्यामुळे खालून सुरुवात करायची तर बंदरावर साडेआठला पोचलेले बरे.

स्टेशनवरून बंदरापर्यंत

पॅरिसहून वेगवान गाडीने आलात तर साधारण सव्वातीन तासांत सँ-शार्ल स्टेशनवर उतरता. विमानतळावरून येणारी बसही तिथेच आणून सोडते. स्टेशनबाहेर आलात की १०४ पायऱ्यांचा भव्य जिना आणि त्याच्या तोंडाशी पसरलेले शहर दिसते. लांबवर टेकडी आणि तिच्यावरची मूर्तीही. ज्या टोकाला जायचे ते पहिल्याच क्षणी दाखवून देणारे स्टेशन विरळाच.

सामान असेल तर स्टेशनखालून मेट्रोची १ नंबरची लाइन घ्या. ला फुरागेर दिशेची गाडी पकडायची आणि दुसऱ्या थांब्यावर, व्ह्यू-पोर इथे उतरायचे. सामान नसेल तर जिना उतरून बुलव्हार दातेनने खाली या, कानबिएर हा मोठा रस्ता लागला की उजवीकडे वळा आणि पाणी दिसेपर्यंत चालत राहा.

बंदराच्या तोंडाशी नॉर्मन फॉस्टर यांनी उभारलेले आरशासारखे चकाकते स्टीलचे छत आहे. २०१३ सालचे. त्याखाली उभे राहून वर पाहिले की गर्दी उलटी चालताना दिसते. त्याच्या शेजारी सकाळी कोळी मासे विकायला बसतात. निळसर पेट्यांमधले मासे अजून हलत असतात. खरेदी करायची नसली तरी पाच मिनिटे थांबा. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोसिया या गावाहून ग्रीक दर्यावर्दी याच खाडीत शिरले आणि मासालिया वसवले. तेव्हापासून या पाण्याचा धंदा थांबलेला नाही.

इथल्या गर्दीत खिसेकापूंपासून सावध राहा. पासपोर्ट हॉटेलात, पाकीट पुढच्या खिशात, पाठीवरची पिशवी छातीवर. एवढे पाळले की पुढची वाट निवांत आहे.

दक्षिण काठाने सँ-व्हिक्तोर

समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर डावा काठ आपला. त्याचे नाव के द रीव्ह नव्ह. उजव्या काठावरच्या नगरपालिकेच्या इमारतीपासून डाव्या काठापर्यंत एक छोटी फेरी बोट बंदर ओलांडते. १८८० पासून ही सेवा आहे. तुमचा मुक्काम उत्तरेकडे असेल तर ती घ्या. जेमतेम पाचेक मिनिटांचा प्रवास, पण बंदराच्या मधोमधून मुखावरचे दोन्ही किल्ले आणि टेकडी एका नजरेत येतात.

काठाने चालत राहा. नाटकांचे ‘ला क्रिए’ हे थिएटर लागेल. ही इमारत एके काळी मासळीच्या लिलावाची होती. इथून पुढे डाव्या हाताला वर चढणाऱ्या गल्ल्या आणि पायऱ्या आहेत. त्यातली कोणतीही घेतली तरी वर र्यू सँतच्या आसपास निघता आणि मठाच्या भिंती दिसू लागतात.

आत जाण्याआधी मठासमोरच्या मोकळ्या चौकात, कठड्याशी थांबा. खाली बंदर, उजव्या बाजूला शहर, डावीकडे चौदाव्या लुईने १६६०च्या दशकात बांधून घेतलेला सँ-निकोला किल्ला. त्याचा वरचा भाग २०२४ पासून लोकांसाठी खुला झाला आहे. समोरच्या काठावर, नगरपालिकेच्या दोन्ही अंगांना, एकसारख्या ठेवणीच्या फिकट दगडी इमारती दिसतात. तिथे पूर्वी दाट वस्तीचे जुने मोहल्ले होते. १९४३च्या जानेवारीत जर्मन सैन्याने आणि फ्रेंच पोलिसांनी तिथली हजारो माणसे घराबाहेर काढली, आणि नंतर सुरुंग लावून ते मोहल्ले जमीनदोस्त केले. आज दिसणाऱ्या इमारती युद्धानंतरच्या. बंदराचे हे चित्र जितके सुंदर, तितकीच त्यात ही जखम आहे, आणि ती माहीत असलेली बरी.

मठात

सँ-व्हिक्तोर बाहेरून चर्च वाटतच नाही. जाड भिंती, कंगोरेदार चौकोनी मनोरे, खिडक्या नावापुरत्या. नवव्या-दहाव्या शतकांत समुद्रावरून हल्लेखोर येत, मठ लुटला जाई. तटबंदीची गरज तिथून आली. आज दिसतो तो भक्कम आकार मुख्यतः चौदाव्या शतकातला. इथले मठाधिपती गियोम ग्रिमोआर १३६२ साली पाचवे अर्बन या नावाने पोप झाले. त्यांनी मठाला तट आणि मनोरे दिले. मृत्यूनंतर त्यांचे अवशेषही इथेच आणले गेले.

वरचे चर्च मुख्यतः तेराव्या शतकातले. आत शिरलात की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मिनिटभर लागते. घाई करू नका. सजावट फार नाही, आणि याचे एक कारण फ्रेंच राज्यक्रांतीत आहे. १७९४मध्ये मठाची संपत्ती लुटली गेली, सोन्याचांदीच्या वस्तू वितळवल्या गेल्या. पण वास्तू कोठार आणि तुरुंग म्हणून वापरात राहिली, आणि त्यामुळेच पाडली गेली नाही.

आता तळघर. माझ्या मते या सगळ्या फेरीतली सर्वात मोलाची जागा हीच. पैसे देऊन पायऱ्या उतरलात की एकामागून एक दगडी दालने लागतात. ग्रीक काळात इथे दगडाची खाण होती. खाण संपल्यावर ती जागा दफनभूमी झाली. रोमन सैन्यातला व्हिक्तोर नावाचा अधिकारी ख्रिस्ती धर्म सोडायला तयार झाला नाही म्हणून तिसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याला जात्याच्या दगडांखाली चिरडून मारले, अशी परंपरा सांगते, आणि त्याला इथेच पुरले असे भाविक मानतात. पाचव्या शतकात, परंपरेनुसार ४१५च्या सुमारास, जाँ कास्यां यांनी इथे मठ स्थापला. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांबरोबर त्यांनी काही वर्षे काढली होती. वाळवंटातली ती एकांताची साधना पश्चिम युरोपात आणणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते.

तळघरात काय पाहायचे, हे ठरवून गेलात तर गोंधळ होत नाही. पहिली गोष्ट म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातल्या दगडी शवपेट्या. त्यांच्या बाजूंवर कोरलेली माणसे झग्यांच्या चुण्यांसकट रोमन पद्धतीची आहेत, पण प्रसंग ख्रिस्ताच्या आयुष्यातले. एक कला संपून दुसरी सुरू होताना शिल्पकाराचा हात कसा चालत होता, ते या दगडांवर दिसते. दुसरी, मठाधिपती इझार्न यांची अकराव्या शतकातली समाधिशिला. त्यात माणसाचे फक्त डोके आणि पाय कोरले आहेत. मधला सगळा देह म्हणजे लॅटिन मजकुराने भरलेला सपाट फलक. अशी शिला मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तिसरी, काळी मेरी. तेराव्या शतकातली, अक्रोडाच्या लाकडाची मूर्ती. तिच्यासमोर हिरव्या मेणबत्त्या लावतात.

या मूर्तीचा उत्सव २ फेब्रुवारीला असतो. त्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, बंदरावरून मिरवणूक निघते आणि मठापर्यंत येते. आर्चबिशप मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. घरी नेलेली हिरवी मेणबत्ती लोक वर्षभर जपतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मार्सेलिसमध्ये असाल तर पहाटेचा गजर लावाच. पर्यटकांसाठी नव्हे, गावासाठी असलेला उत्सव पाहायला मिळतो.

फ्लॅश वापरू नका. तळघरात जागा अरुंद आहे आणि कोणी प्रार्थनेला बसलेले असते. उपासना सुरू असेल तेव्हा तळघर बंद ठेवतात. तसे झाले तर आधी पुढची पायरी करून घ्या आणि परत या.

नावेत

ती पायरी म्हणजे र्यू सँतवर मठासमोरच असलेली ‘फूर दे नावेत’ ही भट्टी. १७८१ पासून चालू असलेली, शहरातली सर्वात जुनी बेकरी. नावेत म्हणजे होडीच्या आकाराचे, मधोमध चीर असलेले कडक बिस्किट. त्याला संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास असतो. २ फेब्रुवारीच्या मिरवणुकीनंतर आर्चबिशप या भट्टीलाही आशीर्वाद द्यायला येतात. गावातली जुनी माणसे तेव्हा घेतलेली नावेत वर्षभर घरात ठेवतात.

बिस्किट खरोखर कडक असते. चावण्याआधी चहा-कॉफीत बुडवण्याची आपली पद्धत इथे छान चालते. टिकते बरेच दिवस, त्यामुळे भारतात न्यायलाही सोयीचे. अंडे खात नसाल तर घटक विचारून घ्या. आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचे, मग मागायचे. हे साऱ्या फ्रान्समध्ये पाळतात. न बोलता थेट वस्तूकडे बोट दाखवणे इथे उद्धटपणा समजतात, आणि मग मिळणारी वागणूकही तशीच असते. दोन अक्षरांत प्रश्न सुटतो.

चढ

मठाला पाठ करून बुलव्हार द ला कोर्दरी धरा. हा लांब, झाडांचा रस्ता. शेजारी पूर्वी राजाच्या युद्धनौकांचे आरमारी तळ होते, आणि इथे त्यांच्यासाठी दोर वळले जात. २०१७ साली या रस्त्यावर एका इमारतीच्या खोदकामात ग्रीक काळातली दगडाची खाण सापडली, अगदी मासालियाच्या सुरुवातीच्या शतकांतली. ती वाचवण्यासाठी आसपासचे रहिवासी रस्त्यावर उतरले. शेवटी तिचा एक भाग संरक्षित झाला. मठाच्या तळघरात जी खाण पाहिली, तिच्याच जातीचा हा दगड.

रस्त्याच्या शेवटाकडे पिएर प्युजे यांच्या नावाची बाग आहे. टेकडीच्या उतारावरची, जुन्या झाडांची. बाकावर बसून पाणी प्या, कारण इथून पुढे खरा चढ. बागेतून वरच्या बाजूला या, तिथला पादचारी पूल ओलांडा आणि र्यू व्होव्हनार्गने चढायला लागा. गल्लीबोळांची नावे लक्षात ठेवण्याची धडपड करू नका. दोन घरांच्या फटीतून अधूनमधून मूर्ती दिसते, ती ज्या बाजूला असेल तिकडे आणि वर जाणारा रस्ता घ्यायचा. मोबाइलवर नकाशा लावला तर ‘पायी’ हा पर्याय निवडा. गाडीचा रस्ता टेकडीला वळसे घालत जातो आणि त्यावर पदपथ काही ठिकाणी अगदी अरुंद आहे.

सावकाश चढा. स्थानिक आज्याही हाच चढ चढतात, पण त्या प्रत्येक वळणावर थांबून कोणाशी तरी दोन शब्द बोलतात. तेच जमवा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी किंवा लहान मूल कडेवर असलेल्यांनी हा टप्पा बसने करावा. बंदरावरून सुटणारी ६० नंबरची बस वरपर्यंत जाते. एवढे लक्षात ठेवा, की बस थांब्यापासून चर्चपर्यंतही पायऱ्या आहेत.

चढाच्या वरच्या टप्प्यात प्लास द्यु कोलोनेल एदों हा छोटा चौक लागतो. तिथे एक रणगाडा उभा आहे, नाव ‘जान दार्क’. २५ ऑगस्ट १९४४ रोजी मार्सेलिस सोडवण्याच्या लढाईत हा रणगाडा टेकडीच्या वाटेवर निकामी झाला आणि आतले सैनिक मारले गेले. त्याच दिवशी फ्रेंच सैन्यातल्या अल्जेरियन तिरायर (पायदळ) पलटणीचे जवान वर पोचले आणि चर्च ताब्यात आले. वर गेल्यावर भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात, मुद्दाम जपलेल्या. ज्यांनी हे चर्च सोडवले, त्यांतले पुष्कळ जवान मुसलमान होते. त्या खुणांसमोर उभे राहून हे आठवावे असे मला वाटते.

वरचे चर्च

शेवटच्या पायऱ्या चढून गेलात की चर्चआधी किल्ल्याचा दरवाजा आणि उचलता येणारा पूल लागतो. पहिल्या फ्रान्सिस राजाने १५२४च्या वेढ्यानंतर या माथ्यावर किल्ला बांधला, त्याच काळात समोरच्या बेटावर शातो दीफ हा दुसरा किल्ला. पण टेकडीवरचे जुने प्रार्थनास्थळ त्याने पाडले नाही. ते तटाच्या आत घेतले आणि लोकांना दर्शनाला येऊ दिले. सैन्य आणि भाविक शतकानुशतके एकाच दारातून ये-जा करत राहिले. आजचे चर्च त्या किल्ल्याच्या पायावरच उभे आहे.

आजच्या इमारतीचा पहिला दगड ११ सप्टेंबर १८५३ रोजी बसला. वास्तुरचनाकार आंरी-जाक एस्पेराँद्य तेव्हा अवघे २४ वर्षांचे, आणि धर्माने प्रोटेस्टंट. मेरीच्या सर्वात लाडक्या कॅथलिक चर्चचे काम एका प्रोटेस्टंट तरुणाकडे गेले, तेव्हा कुरबुर झाली, पण आराखडा सगळ्यांवर मात करून गेला. ५ जून १८६४ रोजी चर्चचे पावित्र्यविधी झाले. एस्पेराँद्य १८७४ मध्ये गेले, सजावट पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही.

भिंतींवरचे पांढरे-हिरवे पट्टे रंगाचे नाहीत. पांढरा दगड प्रोव्हान्समधल्या कालिसानचा, हिरवा इटलीतून, फ्लॉरेन्सच्या परिसरातून आणलेला. हिरवा दगड खारे वारे आणि धुराने झिजत गेला, म्हणून २००१ ते २००८ या काळात मोठी दुरुस्ती झाली. घंटेचा मनोरा ४१ मीटरचा, त्यावर साडेबारा मीटरचा चौथरा आणि त्यावर ११.२ मीटर उंचीची मूर्ती. शिल्पकार ओझेन लकेन. तांब्याची, वरून सोन्याचा वर्ख, वजन जवळपास दहा टन. १८७०मध्ये ती बसवली. समुद्राच्या हवेत वर्ख टिकत नाही, म्हणून तो दर काही दशकांनी नव्याने चढवतात.

इथेही आधी खाली जा. खालचे चर्च कातळात कोरलेले आहे, बुटक्या कमानी, मंद उजेड. मठाचे तळघर पाहून आलात तर इथली शांतता लगेच ओळखू येते. मग वरच्या चर्चमध्ये या. सोनेरी, निळ्या, लाल काचतुकड्यांनी घुमट आणि कमानी मढवल्या आहेत. मोज़ेकचे क्षेत्र बाराशे चौरस मीटरच्या आसपास. वेदीमागच्या घुमटात समुद्रावरून जाणारे गलबत दिसते का ते शोधा.

पण माझी नजर दरवेळी वर टांगलेल्या छोट्या जहाजांवर जाते. वादळातून परत आलेल्या खलाशांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेली ही लाकडी जहाजे दोरांवर हलत असतात. भिंतींवर जहाज फुटण्याची, अपघातांची, आजारपणाची चित्रे आणि ‘मेर्सी’ (आभार) एवढेच लिहिलेले संगमरवरी फलक. वांद्र्याच्या मोत माऊलीला लोक मेणाचे हात-पाय, मेणाची घरे वाहतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या भिंती वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. इथे नवीन फलकांत फुटबॉलच्या चाहत्यांचेही आहेत. मेरीला आपल्या संघासाठी साकडे घालणे गावात अगदी नैसर्गिक मानतात.

सर्वात मोठी गर्दी १५ ऑगस्टला, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाला होते. त्या दिवशी प्रार्थनेसाठी जायचे असेल तर जरूर जा, पण चर्च नीट पाहण्यासाठी तो दिवस नव्हे.

गच्चीवरून

बाहेरच्या गच्चीला पूर्ण फेरी मारा. पश्चिमेला फ्रिऊलची पांढरट बेटे आणि त्यांच्या पुढ्यात शातो दीफ. दक्षिण-आग्नेयेला कालांक म्हणून ओळखले जाणारे उघडे चुनखडी डोंगर. शहराच्या मधोमध फुटबॉलचे वेलोद्रोम मैदान. उत्तरेला बंदर, त्याच्या पलीकडे ला माजोर हे पट्ट्यापट्ट्यांचे भव्य कॅथेड्रल, आणि त्याच्यामागे किनाऱ्याला समांतर लांबत गेलेले ला जोलिएतचे व्यापारी बंदर.

मराठी माणूस इथे थोडा जास्त वेळ थांबतो. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोट मार्सेलिसला लागलेली असताना विनायक दामोदर सावरकर तिच्या पोर्टहोलमधून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्यावर आले. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. परक्या भूमीवरच्या या अटकेचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. पुष्कळजण जुन्या बंदराच्या पाण्याकडे बोट दाखवून ही उडी सांगतात. परंतु तोपर्यंत मोठ्या आगबोटी जुन्या बंदरात शिरत नव्हत्या, त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ला जोलिएतकडे नवी गोदी झाली होती. म्हणून उत्तरेकडे, कॅथेड्रलच्या मागच्या धक्क्यांकडे पाहायचे.

त्याच किनाऱ्यावर सप्टेंबर १९१४च्या अखेरीस हिंदी सैन्याच्या पलटणी उतरल्या आणि बेल्जियम-उत्तर फ्रान्सच्या आघाडीकडे गेल्या. मार्सेलिसमध्ये मरण पावलेल्यांतले अनेकजण शहराच्या दक्षिण भागातल्या माझार्ग स्मशानभूमीत विसावले आहेत आणि तिथे त्यांचे स्मारकही आहे.

उतरताना

चर्चच्या आवारात स्वच्छतागृहे आहेत, खायला मिळते. उतरताना चढापेक्षा गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून थकला असाल तर ६० नंबरच्या बसनेच बंदरावर या. पायी उतरायचे असेल तर बुलव्हार आंद्रे ओनने सरळ खाली या आणि बंदराच्या दिशेने वळा. वाटेत मागे वळून पाहिलेत तर रस्त्याच्या टोकाशी सबंध चर्च उभे दिसते. फोटोसाठी शहरातली माझी आवडती जागा हीच.

जेवणासाठी बंदराच्या अगदी पुढच्या ओळीपेक्षा मागे, कूर देस्तिएन दोर्व्हच्या चौकात जा. पूर्वी इथे युद्धनौकांचा कालवा होता, आता मोकळा चौक आणि टेबले. शाकाहारी असाल तर ‘पानिस’ मिळते का विचारा. हरभऱ्याच्या पिठाची शिजवून तळलेली वडी असते ती, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. ऑलिव्ह तेल-मीठ-मिरपुडीशिवाय दुसरे फारसे काही नसते, तरी पदार्थ कोणत्या तेलात तळला आहे ते विचारायला हरकत नाही. बुयाबेस ही माशांची प्रसिद्ध आमटी खायची असेल तर वेगळी संध्याकाळ आणि बरेच पैसे राखून ठेवा. ती घाईत खायची नसते.

दुपारनंतर अंगात ताकद असेल तर मेट्रोने व्ह्यू-पोरहून कास्तेलान, तिथे २ नंबरची लाइन बदलून रों-प्वां द्यु प्रादो, आणि पुढे बसने माझार्ग. स्मशानभूमी शांत आहे, प्रवेश मोफत. जाताना फुले घेऊन जा.